विश्लेषण : एचआयव्ही आटोक्यात, तरी प्रतिकारशक्ती का वाढत नाही?

गोळ्या नियमित सुरू आहेत, विषाणूभार तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आहे. तरीही सीडी४ पेशींची संख्या २०० च्या पुढे सरकत नाही. अशा रुग्णाकडे ‘गोळ्या चुकवत असेल’ याच संशयाने पाहिले जाते. पण विषाणूभार आटोक्यात असेल, तर हा संशय टिकत नाही. तेव्हा शोध दुसऱ्या विषाणूचाही घ्यायला हवा.

दुसरा विषाणू काय करतो?

हिपॅटायटिस बी आणि सी हे एचआयव्हीप्रमाणेच दूषित रक्त, सुया आणि लैंगिक संबंधांतून पसरतात. त्यांच्यामुळे प्रतिकारयंत्रणा सतत चेतवलेली राहते आणि सीडी४ पेशी लवकर मरतात. यकृत निबर झाले की प्लीहा वाढते, रक्तपेशी तिथेच अडकतात आणि सीडी४चा आकडा आणखी घसरतो. उशिरा सुरू झालेले उपचार, वाढते वय, क्षयरोग हीही कारणे असतातच. पण यकृतातील विषाणू तपासणीत कळतो आणि त्यावर औषधही आहे.

उपचार कोणते?

भारतात एचआयव्हीची औषधे २००४ पासून मोफत मिळतात. सध्याच्या ‘टीएलडी’ गोळीतील टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन हिपॅटायटिस बीलाही रोखतात. त्यामुळेच ही गोळी अचानक बंद केल्यास तो आजार उसळू शकतो. हिपॅटायटिस सीवर मात्र तिचा उपयोग नाही. त्यासाठी वेगळ्या गोळ्या असतात. साधारण १२ आठवड्यांत बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्याही मोफत आहेत.

मग अडते कुठे?

दोन आजारांसाठी दोन कार्यक्रम आहेत, रुग्ण मात्र एकच. मणिपूरमध्ये सुईतून नशा करणाऱ्यांत एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी एकत्र आढळणे नवीन नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला दुसऱ्या तपासणीसाठी दुसऱ्या दिवशी बोलावणे म्हणजे त्याची आणखी एक मजुरी बुडवणे. तो परत येईलच असे नाही.

म्हणून एआरटी केंद्रात पहिल्याच दिवशी घेतलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी आणि सी या दोन्ही तपासण्या व्हाव्यात, निकाल उपचारपत्रिकेवर नोंदवले जावेत आणि हिपॅटायटिस बीपासून संरक्षण नसलेल्यांना तिथेच लस मिळावी. औषधे सरकारकडे आहेत. ती एकाच खिडकीवर आणणे एवढेच बाकी आहे.