जुना चरक घ्यायचाय? रंग बघू नका, रस मोजा



पाऊस उघडायला लागला की शिरूर-दौंड पट्ट्यात मोबाईलवर जुन्या चरकांचे फोटो फिरायला लागतात. "गुऱ्हाळाचा चरक विकणे आहे, चालू कंडिशन, लाटा नवीन, एकदा अवश्य बघा." फोटोत हिरवागार नाहीतर निळाशार रंग मारलेलं यंत्र शेडमधे उभं असतं. पट्टा काढलेला, मोटर झाकलेली. आणि आपली माणसं रविवारी जातात, चहा पितात, लाटेवर हात फिरवतात, इसार देऊन येतात.

माझं मत सरळ आहे. ज्या चरकातून तुमच्या डोळ्यांसमोर ऊस गाळून रसाचं वजन झालं नाही, त्याला एक रुपयाही इसार देऊ नये. मग विकणारा पाहुणा असो, मित्र असो, नाहीतर गावचा पुढारी.

हा विषय आत्ता काढायचं कारण आहे. भीमेच्या अलीकडं राहू, पारगाव, केडगाव, यवत आणि पलीकडं मांडवगण फराट्याकडचा भाग, सगळा उसाचा. पाटसचा भीमा कारखाना मधे काही हंगाम बंद होता, न्हावऱ्याचा घोडगंगाही बंद राहिला. कारखान्यांचं असं खाली-वर झालं की ऊस गुऱ्हाळाकडं वळतो आणि नवीन पोरं गुऱ्हाळ टाकायचं मनावर घेतात. भांडवल कमी असतं, म्हणून पहिली नजर जुन्या यंत्रावर जाते. त्यात गैर काही नाही. चांगला जुना चरक पुष्कळ वर्षं चालतो. पण तो चांगला आहे हे ठरवायचं कशावरून, हा प्रश्न आहे.

आधी हिशेब बघा

तीन लाटांचा बरा चरक 100 किलो उसातून साधारण 60 ते 65 किलो रस काढतो. झिजलेला चरक 55 च्या आसपास घुटमळतो. ऐकायला फरक किरकोळ वाटतो.

आता समजा तुमचं गुऱ्हाळ दिवसाला 10 टन ऊस गाळतं. एका चरकाचा उतारा 62 टक्के, दुसऱ्याचा 56. फरक 6 टक्के, म्हणजे रोज 600 किलो रस चिपाडात गेला. 100 किलो रसाला 18 किलो गूळ धरला तर 108 किलो गूळ झाला. भाव 40 रुपये धरा, रोजचे 4,320 रुपये. शंभर दिवस गुऱ्हाळ चाललं तर 4,32,000 रुपये. तुमचा भाव, तुमचा उतारा घालून हाच हिशेब कागदावर मांडून बघा. लाखभर रुपयांनी स्वस्त मिळालेला चरक पहिल्याच हंगामात केवढ्याला पडला ते लगेच कळेल.

दुसरं नुकसान जळणाचं. आपलं चुलाण चिपाडावरच चालतं. चरक नीट दाबत नसेल तर चिपाड ओलं राहतं, वाळायला जास्त दिवस आणि जास्त जागा लागते, पेटलं तरी धूर जास्त आणि आच कमी. मग बाहेरून जळण आणावं लागतं. दौंड तालुक्यात चुलाणात टायर, प्लास्टिक, चिंध्या जाळल्याच्या तक्रारी किती वेळा झाल्या हे सगळ्यांना माहीत आहे. त्याला कारणं अनेक आहेत आणि कुठलंही कारण त्याचं समर्थन होत नाही. पण ओलं चिपाड हे त्यातलं एक कारण आहे, आणि ते चरकापासून सुरू होतं.

चाचणी कशी घ्यायची

ऊस आपला न्यायचा, त्याच दिवशी तोडलेला. 86032 आणि 265 चा निकाल सारखा येत नाही, शिळ्या उसाचा तर नाहीच. म्हणून जी जात तुमच्या भागात जास्त गाळायची आहे तीच न्या. पाच-सहा क्विंटल पुरे.

पहिली मोळी नुसती यंत्र ओलं करायला घाला. मग हौद, ताटली रिकामी करा आणि 500 किलो ऊस काट्यावर मोजून सुरुवात करा. रस लिटरवर मोजू नका, किलोवर मोजा. रस पाण्यापेक्षा जड असतो, लिटर आणि किलोचा घोळ केला की उताऱ्याचा आकडा चुकतो. शेवटी चिपाडही मोजा. रस आणि चिपाड मिळून उसाच्या वजनाजवळ यायला पाहिजे. फार फरक आला तर कुठंतरी गडबड आहे, परत मोजा.

तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक, ऊस घालण्याचा वेग. दोन-दोन कांड्या हळूहळू घातल्या तर झिजलेला चरकही चांगला उतारा दाखवतो. घड्याळ लावा आणि हंगामात जसा ऊस घालणार तसाच घाला. दोन, निघालेलं चिपाड परत लाटेत जाता कामा नये. तीन, पाणी. ब्रिक्स मोजायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर कुणाकडून तरी मागून न्या. लाटेखालचा रस आणि हौदातला रस, दोन्हीचं रीडिंग जवळपास सारखं यायला पाहिजे.

नंतर मूठभर चिपाड हातात घेऊन पिळा. रस ठिबकायला नको. कांडीची गाठ नीट फुटली आहे का बघा. गाठी अख्ख्या निघत असतील तर लाटांमधलं अंतर जास्त आहे किंवा लाटा झिजल्या आहेत. एका बाजूचं चिपाड कोरडं आणि दुसऱ्या बाजूचं ओलं असेल तर लाटा समांतर नाहीत.

तासभर चालवल्याशिवाय थांबू नका. मग मोटर बंद करून, स्विच काढून, बुशच्या घरांना हात लावा. हात ठेववत नसेल इतकं तापलं असेल तर बुश किंवा ग्रीसचा प्रश्न आहे. मोटरचा अँपिअर टाँग टेस्टरने बघा, प्लेटवर लिहिलेल्या आकड्याच्या वर जायला नको.

थांबलेल्या चरकात काय बघायचं

चरकाची रचना शंभर वर्षांपूर्वी होती तीच आहे. तीन लाटा, दातेरी चाकं, बुश आणि दोन बाजूंचे बिडाचे गाल. यात शेतकऱ्याला न समजण्यासारखं काही नाही.

लाटेवर लांब सरळ पट्टी आडवी धरा. ऊस मधूनच जास्त जातो, म्हणून लाट मधे झिजते. पट्टीखाली मधोमध उजेड दिसला तर समजायचं.

विकणारा म्हणेल, "लाटा लेथवर नव्या करून आणल्यात." बरोबर आहे, पण प्रत्येक वेळी लेथवर चढवली की लाट बारीक होते. बारीक लाटा जवळ आणाव्या लागतात, मग दातेरी चाकांचे दात एकमेकांत जास्त खोल घुसतात आणि लवकर खलास होतात. म्हणून लाटा जवळ आणायच्या बोल्टांचे आटे किती शिल्लक आहेत ते बघा. बोल्ट शेवटपर्यंत आवळलेले असतील तर त्या लाटांचं आयुष्य संपत आलं. नवीन लाटांचा खर्च धरूनच किंमत बोला.

दातेरी चाकाचे दात वरच्या बाजूला धारदार, टोकदार झालेत का बघा. वेल्डिंग करून बसवलेला दात लगेच ओळखू येतो, फक्त ग्रीस पुसायला लागतं. कापड सोबत ठेवा.

वरच्या लाटेखाली पहार घालून हलकं उचला. लाट खडखड हलत असेल तर बुश गेले. बुश बदलता येतात, पण झिजलेल्या बुशात चालून शाफ्टही खराब झालेला असू शकतो. आणि अशा ठिकाणचं काळं ग्रीस रसात उतरतं. आपण खाण्याची वस्तू करतोय, हे विसरू नका.

सगळ्यात महत्त्वाचे ते दोन गाल. बिडाला तडा गेला की वेल्डिंग करून, वर लांबी भरून, रंग मारला जातो. ताज्या रंगाचा मला पहिला संशय येतो तो इथं. संशयाच्या जागेचा रंग खरवडायची परवानगी मागा. तिथं रॉकेल लावा, थोड्या वेळानं कोरडं पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. गालाला तडा असेल तर तो चरक सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी.

हाताची किंमत

चाकांवरची जाळी किंवा पत्र्याचं झाकण बऱ्याच जुन्या चरकांवर नसतं. "कामाला अडथळा होतो" म्हणून काढून टाकलेलं असतं. ऊस घालायच्या तोंडाला लांब घसरण नसते, हात थेट लाटेजवळ जातो. पदर, बाहीचं टोक, हातातला दोरा, एवढंसं काही अडकलं तरी लाट माणसाला ओढते. झाकण, लांब तोंड आणि ऊस घालणाऱ्याच्या हाताशी बंद करायचं बटण, या तीन गोष्टींचा खर्च पहिल्या दिवशीच धरा. ते झाल्याशिवाय चरकापुढं मजूर उभा करू नका.

मालक कोण?

आपल्याकडं बरीच गुऱ्हाळं भाड्यानं चालतात. जमीन एकाची, यंत्र दुसऱ्याचं, चालवणारा तिसरा. विकायला उभा असलेला माणूस मालक आहे का, हे आधी विचारा. मूळ बिल मागा. यंत्रावर बँकेचं नाहीतर पतसंस्थेचं कर्ज असेल तर नील दाखला मागा. व्यवहार कागदावर करा आणि त्यात चाचणीला आलेला उतारा आकड्यात लिहा.

लोक काय म्हणतात

"एवढं केलं तर कोण विकेल आपल्याला?" ज्याचा माल चांगला आहे तो विकेल. मात्र चाचणीचा खर्च आपण करायचा. ऊस आपला, मजुरी आपली, विजेचे पैसे आपले. निघालेला रस, चिपाड विकणाऱ्याला ठेवा. इतकं करूनही तो चालवून दाखवत नसेल तर उत्तर मिळालं.

"काय असेल ते दुरुस्त करून घेऊ." घ्या ना, पण आधी लेथवाल्याकडून लाटा, बुश, चाकं यांचा खर्च लिहून घ्या. जुन्याची किंमत, वाहतूक आणि दुरुस्ती अशी बेरीज करून ती नव्या चरकाशेजारी मांडा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पाला खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलेलं होतं. योजना आत्ता चालू आहे का आणि आपण त्यात बसतो का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारून मगच जुन्या-नव्याचं ठरवा. कधीकधी नवा स्वस्त पडतो.

"आत्ता ऊस नाही, लाईट नाही, चालवून कसा दाखवू?" हे पावसाळ्यात हमखास ऐकायला मिळतं. म्हणून माझा सल्ला, जुना चरक हंगाम उतरताना शोधा, मार्च-एप्रिलमधे. तेव्हा तो जागेवर बसलेला असतो, पट्टा चढवलेला असतो, ऊस आत जात असतो. पावसाळ्यात घ्यायची वेळ आलीच तर थोडा इसार द्या आणि बाकी रक्कम चाचणीनंतर, असं लिहून घ्या. चाचणीत ठरलेला उतारा आला नाही तर इसार परत, हेही त्याच कागदावर.

जाताना सोबत एक माणूस न्या, ज्यानं चार-पाच हंगाम स्वतः चरकावर ऊस घातला आहे. गुळव्या असेल तर आणखी चांगलं. यंत्राचा आवाज त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतो. त्याला दिवसाची मजुरी द्या आणि तो नको म्हणाला तर ऐका.

वजनकाटा, सरळ पट्टी, पहार, रॉकेल, खडू, कापड, रिफ्रॅक्टोमीटर. एवढं सामान गाडीत टाका. ज्या गुऱ्हाळावर जाल तिथं आधी काटा उतरवा, चहा नंतर घेऊ.