बारावीपर्यंत बस, पुढे काय?

गडचिरोली जिल्ह्यात बारावीचा निकाल लागतो तो तेंदूपानांच्या हंगामाच्या आगेमागे आणि महाविद्यालयीन प्रवेशाची धावपळ सुरू होते ती धानाच्या रोवणीच्या तोंडावर. एका हंगामात घरात चार पैसे येतात, दुसऱ्या हंगामात घरातील प्रत्येक बाईचा हात बांधीत लागतो. मुलचेरा तालुक्यातील बारावी उत्तीर्ण मुलीच्या पुढील शिक्षणाचा निर्णय या दोन हंगामांच्या फटीत होतो. अनेकदा तो होतच नाही, केवळ लांबणीवर पडतो आणि लांबणीवर पडलेला निर्णय म्हणजे नकार, हे सगळ्यांनाच ठाऊक असते.

बारावीपर्यंत या मुलीच्या पाठीशी शासन बऱ्यापैकी उभे असते, हे मान्य करायला हवे. मुलींना बारावीपर्यंत शिक्षणशुल्क माफ आहे. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमाने राज्यातील १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी खास बस सुरू केल्या, सायकली दिल्या. निळ्या रंगाच्या या बसने दुर्गम भागातील किती मुलींची शाळा टिकवली, याचा हिशेब कोणी मांडला तर तो अलीकडच्या काळातील सर्वात यशस्वी शैक्षणिक खर्चांपैकी एक ठरावा. पण ही बस शाळेच्या वेळेने धावते आणि बारावीच्या इयत्तेशी थांबते. त्यापुढे सवलतीचा पास आहे, २०२३ पासून सर्व महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे. नाही ती सकाळी वेळेत नेऊन संध्याकाळी उजेडात परत आणणारी गाडी. जिल्ह्याचे ठिकाण रोज जाऊन-येऊन शिकता येईल अशा अंतरावर नाही. त्यात आलापल्ली-आष्टी मार्गावर सुरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक धावू लागल्यापासून या रस्त्याची जी अवस्था झाली, ती पालकांच्या मनातील काळजीत भरच घालणारी आहे.

या पार्श्वभूमीवर महिला महाविद्यालयाचा विचार करताना आपल्याकडे चर्चा लगेच जागा, इमारत आणि मान्यता यांवर येते. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या सर्वात मोठ्या संस्थेची वाढ मात्र नेमकी उलट्या क्रमाने झाली आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तो विधवांच्या निवाऱ्यासाठी. १९०० मध्ये तो शहराबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून कर्वे चिखल तुडवीत रोज हिंगण्याला पायी जात असत. आधी राहण्याची सोय, मग शाळा. १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि अगदी शेवटी, १९१६ मध्ये, महिला विद्यापीठ. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली होती आणि ती वाचून ही कल्पना त्यांच्या मनात पक्की झाली, हे सर्वश्रुत आहे. त्यामानाने कमी सांगितले जाते ते हे, की विद्यापीठाच्या पहिल्या महाविद्यालयात त्या वर्षी विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. पटसंख्येच्या आजच्या निकषावर हे महाविद्यालय पहिल्याच वर्षी बंद पडले असते.

पैसाही नंतर आला. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा आणि इंग्रजीचे जेमतेम ज्ञान असलेल्या, १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि तेथे अंगमेहनतीची कामे करीत त्यांनी संस्थेसाठी मदत गोळा केली. सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाख रुपयांची देणगी १९२० ची. त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले आणि ‘एसएनडीटी’ ही आद्याक्षरे रूढ झाली. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला हलले. सरकारी मान्यतेसाठी मात्र स्वातंत्र्यानंतरच्या काळापर्यंत थांबावे लागले. वैधानिक विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९५१ मध्ये. तोवर ‘गृहीतागमा’ ही पदवी घेतलेल्या स्त्रियांना ती सरकारी नोकरीत चालेल याची शाश्वती नव्हती. पस्तीस वर्षे मान्यतेविना चाललेल्या विद्यापीठाने मुली टिकवल्या त्या वसतिगृहाच्या बळावर आणि मातृभाषेतून शिकवण्याच्या आग्रहावर.

हा इतिहास चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात आज आठवण्याचे कारण आहे. एसएनडीटीचे महर्षी कर्वे यांच्या नावाचे संकुल बल्लारपुरात २०२३ पासून सुरू झाले. जिल्ह्याचे तत्कालीन पालकमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. रोजगाराकडे नेणाऱ्या अभ्यासक्रमांवर तेथे भर आहे. मुंबई-पुण्यापुरते मर्यादित वाटणारे विद्यापीठ कोळसा आणि कागदाच्या गावी आले, ही गोष्ट लहान नाही. नागपुरात महिलांसाठीचे लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय १९३२ चे. त्यानंतर पूर्व विदर्भाच्या या टोकाला महिला विद्यापीठाचे संकुल येण्यास नऊ दशके जावी लागली.

पण बल्लारपूर हे रेल्वेचे जंक्शन आहे आणि मुलचेऱ्याला रेल्वे नाही. मुलचेऱ्याची मुलगी तेथे जाणार ती आष्टीला येऊन, वैनगंगेचा पूल ओलांडून, गोंडपिपरीमार्गे. रोज हे शक्य नाही. म्हणजे प्रश्न फिरून कर्व्यांच्या पहिल्या पायरीवर येतो : ती राहणार कुठे? संकुलात किती अभ्यासक्रम आहेत यापेक्षा दक्षिण गडचिरोलीतील मुलींसाठी किती खाटा राखून ठेवल्या जातात, हा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता ८२ टक्क्यांच्या घरात होती, स्त्रियांची ६६. या सोळा टक्क्यांमागे मुलींची अनास्था शोधणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात या तालुक्यांतून एसटीने फिरावे.

दुसरी पायरी भाषेची आणि येथे मुलचेऱ्याचे प्रकरण कर्व्यांच्या पुण्याहून बरेच गुंतागुंतीचे आहे. या तालुक्यात गोंड आणि माडिया आदिवासी आहेत, दक्षिणेकडून आलेला तेलुगूचा प्रभाव आहे, मराठी तर आहेच. शिवाय सुंदरनगर, विवेकानंदपूर यांसारखी बंगाली गावे आहेत. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना १९६० च्या दशकापासून तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलभागात वसवण्यात आले. गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला तो नंतर, १९८२ मध्ये. या कुटुंबांनी जंगल तोडून धानाची शेती उभी केली, मासळीचा व्यवसाय वाढवला. त्यांच्या नाती आज मराठी शाळांतून बारावी होतात. घरी बांगला, शाळेत मराठी, पुस्तकात निम्मी इंग्रजी. ‘मातृभाषेतून शिक्षण’ हे सूत्र येथे कोणाच्या मातृभाषेला लावायचे? माडिया मुलीला मराठी जितकी परकी, तितकीच ती बंगाली मुलीलाही कधी काळी होती. प्रथम वर्षाला नापास होऊन घरी बसणाऱ्या मुलींमध्ये भाषेचा वाटा किती, हे तपासल्याशिवाय येथे कोणताही अभ्यासक्रम आखणे म्हणजे अंधारात नेम धरणे.

याच दोन मुलींच्या बाबतीत शासकीय मदतीचा न्यायही सारखा नाही. आदिवासी मुलीला शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत; वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजनेतून निवास-भोजनाची रक्कम थेट खात्यात येते. रक्कम वेळेवर येत नाही ही तक्रार जुनी आहे, पण हक्क तरी आहे. बंगाली निर्वासितांमधील नमशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडतो, महाराष्ट्रात नाही. ही मागणी अनेक वर्षे पडून आहे. त्यामुळे एकाच बाकावर बसून बारावी झालेल्या दोघींपैकी एकीच्या हाती प्रमाणपत्र असते, दुसरीच्या हाती आजोबांचे पुनर्वसनाचे कागद. राज्य शासनाने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शंभर टक्के शुल्कमाफी दिली, त्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकही आला. निर्णय चांगलाच. मात्र तो व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे आणि या भागातील बहुसंख्य मुलींच्या आवाक्यातील महाविद्यालय कला शाखेचे असते.

मग मुलचेऱ्यातच मुलींचे स्वतंत्र महाविद्यालय काढावे काय? कायद्याने अडचण नाही. एसएनडीटीचे कार्यक्षेत्र संपूर्ण राज्य असल्याने अशा महाविद्यालयाला त्या विद्यापीठाशी संलग्न होता येते. गडचिरोलीतील गोंडवाना विद्यापीठाचा मार्ग तर २०११ पासून खुला आहे. अडचण पैशाची आहे. २००१ नंतर राज्यात नवी महाविद्यालये साधारणतः कायम विनाअनुदान तत्त्वावरच येतात. अनुदान नाही म्हणजे शुल्क आणि शुल्क परवडत नाही म्हणजे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. असे महाविद्यालय कागदावर भरते, वर्गात नाही. परीक्षेपुरत्या येणाऱ्या मुलींच्या नावे पदव्या वाटण्याने तालुक्यात पदवीधरांची संख्या वाढेल, एवढेच. त्यापेक्षा मुलींचे वसतिगृह आधी उभारावे आणि ते कोणत्याही एका जातीच्या किंवा जमातीच्या प्रमाणपत्राला बांधलेले नसावे, हे अधिक शहाणपणाचे. ते आष्टीला असो, आलापल्लीला असो वा बल्लारपूरला. महाविद्यालय त्यामागून येऊ शकते. स्वतंत्र महिला महाविद्यालयामुळे मुली समाजापासून तोडल्या जातात, असा आक्षेप शहरांतून घेतला जातो. त्यात तथ्य असेलही. पण ज्या घरात निवड सहशिक्षण की महिला महाविद्यालय अशी नसून महाविद्यालय की लग्न अशी असते, तेथे हा वाद फारसा उपयोगाचा नाही.

निदान एक गोष्ट तर येत्या हंगामापासूनही करता येण्यासारखी आहे. मानव विकासच्या बस आजही तालुक्यात रोज धावतात. त्यांच्या लाभार्थी यादीतील ‘बारावी’ हा शब्द बदलून ‘पदवी’ करायचा आणि एका फेरीचे वेळापत्रक महाविद्यालयाच्या वेळेला जोडायचे. त्यासाठी विद्यापीठाची मान्यता लागत नाही, जमीन लागत नाही. लागतो तो एक शासन निर्णय आणि अहेरी आगाराची एक गाडी.