सही करणाऱ्या हातांना जाहीर इशारा

युद्धाच्या नावाखाली कैद्यांच्या छळाला मंजुरी देणाऱ्या, त्या मंजुरीला कायद्याचा मुलामा चढवणाऱ्या आणि पुढे त्यावर पांघरूण घालणाऱ्या सर्व संबंधितांस, मग ते आज पदावर असोत वा निवृत्त, या जाहीर इशाऱ्याने कळविण्यात येते की तुमचा हिशेब मिटलेला नाही. पद गेले म्हणून तो मिटत नाही, वीस-बावीस वर्षे उलटली म्हणून मिटत नाही, आणि तुमच्याऐवजी काही शिपाई तुरुंगात जाऊन आले म्हणून तर मुळीच मिटत नाही.

हा इशारा सर्वांत आधी अमेरिकेच्या त्या राज्यकर्त्यांना आहे, ज्यांनी 2002 सालापासून छळ हे सरकारी धोरण केले. 11 सप्टेंबर 2001 रोजी तुमच्या देशात जवळपास तीन हजार माणसे मारली गेली. त्या कटातल्या एकेकाला हुडकून न्यायालयात उभे करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार होता. माणसाला साखळीने छताला टांगण्याचा, नाकातोंडावर पाणी ओतून त्याचा श्वास कोंडण्याचा अधिकार तुम्हाला नव्हता. आणि तो नव्हता, हे तुमच्याच देशाने लिहून दिलेले होते. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर अमेरिकेने 1988 मध्ये सही केली, 1994 मध्ये तो रीतसर मान्य केला. युद्ध असो, युद्धाचे सावट असो की आणीबाणी, छळाला कोणतीही सबब चालणार नाही आणि वरिष्ठांचा हुकूम ही सबब होऊच शकत नाही, असे त्या कराराचे दुसरे कलम सांगते.

आता तुमचेच कागद पाहा. 7 फेब्रुवारी 2002 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सही करून ठरवले की जिनिव्हा करारांतले किमान माणुसकीचे कलम अल कायदा आणि तालिबानच्या कैद्यांना लागू नाही. 1 ऑगस्ट 2002 रोजी न्याय खात्याच्या वकिलांनी लिहून दिले की वेदना अवयव निकामी होण्याइतकी किंवा मरणाइतकी तीव्र असेल, तरच त्याला शारीरिक छळ म्हणायचे. आणि 2 डिसेंबर 2002 रोजी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी ग्वांतानामोच्या तळासाठी चौकशीच्या पद्धतींची यादी मंजूर केली. कैद्याला सलग चार तासांपर्यंत उभे ठेवावे, असे त्या यादीत होते. मंत्र्यांनी सही केली आणि खाली स्वतःच्या हाताने शेरा मारला: आपण तर दिवसाला आठ-दहा तास उभे असतो, मग याला चारच तासांची मर्यादा कशासाठी? आपल्या कार्यालयात, उंच मेजाशी, मनाला येईल तेव्हा बसायला मोकळा असलेला माणूस बेड्या घातलेल्या माणसाविषयी हे लिहीत होता.

त्या शेऱ्यानंतर आठच दिवसांनी, 10 डिसेंबर 2002 रोजी, अफगाणिस्तानातल्या बगराम तळावर खोस्त प्रांतातला एक 22 वर्षांचा टॅक्सीवाला मेला. त्याला पकडून पाच दिवस झाले होते. मनगटे साखळीने कोठडीच्या छताला बांधून त्याला तासन् तास उभे ठेवले होते आणि मांड्यांवर गुडघ्यांचे घाव घातले होते. शवविच्छेदनात दिसले की पायांचे मांस चेंदून गेले आहे. तो निर्दोष आहे असे त्याची चौकशी करणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाटत होते. प्रेत घरी पाठवताना लष्कराने सोबत एक दाखला दिला. तो इंग्रजीत होता आणि घरात इंग्रजी वाचणारे कोणी नव्हते. पुढे एक पत्रकार त्या घरी पोहोचली, तिने तो कागद उलगडला, तेव्हा कळले की मृत्यूचे कारण म्हणून लष्कराच्याच डॉक्टरने मनुष्यवध अशी नोंद केली आहे.

रम्सफेल्ड यांच्या शेऱ्यामुळे तो टॅक्सीवाला मेला असे मी म्हणत नाही. त्यांची यादी ग्वांतानामोसाठी होती. पण जिनिव्हाचे कलम उठवणारी फेब्रुवारीतली सही बगरामलाही लागू होती. वारे कुठल्या दिशेने वाहते आहे, हे खालच्या माणसाला लेखी हुकमाशिवाय कळते. सिनेटच्या सशस्त्र दल समितीने 2008 मध्ये हेच नोंदवले: कैद्यांचे हाल हा चार-दोन बिघडलेल्या शिपायांचा उद्योग नव्हता. संरक्षणमंत्र्यांची मंजुरी ग्वांतानामोतल्या अत्याचारांचे थेट कारण होती, आणि तिथून त्या पद्धती अफगाणिस्तानात आणि इराकमध्ये पोहोचल्या.

मग शिक्षा कुणाला झाली? इराकमधल्या अबू घरेबच्या तुरुंगातली छायाचित्रे एप्रिल 2004 मध्ये जगासमोर आली. त्यानंतर 11 सैनिक दोषी ठरले. त्यांतली सर्वांत मोठी शिक्षा दहा वर्षांची होती. तुरुंगाची देखरेख असलेल्या ब्रिगेडियर जनरलला कर्नल केले गेले. बगरामच्या मृत्यूबद्दल कोठडीत गेलेल्यांना काही महिन्यांची सजा झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे इथे म्हणता येत नाही, कारण ते शिपाई संन्यासी नव्हते. त्यांनी केले ते घोर होते आणि त्यांना शिक्षा व्हायलाच हवी होती. पण साखळी ज्या हाताने ओढली तो हात तुरुंगात गेला, आणि ज्या हाताने सही केली त्याला पेन्शन मिळाली. छळाची व्याख्या आकसून टाकणाऱ्या निवेदनावर ज्यांची सही होती ते केंद्रीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ज्यांनी त्याचा मसुदा केला ते विद्यापीठात कायदा शिकवतात. कैद्यांच्या चौकशीच्या 92 चित्रफिती सीआयएने 2005 मध्ये नष्ट केल्या, त्याबद्दल कुणावर आरोपपत्र नाही. पाण्याच्या छळाविषयी उघडपणे बोललेला सीआयएचा एक माजी अधिकारी मात्र गुप्त अधिकाऱ्याचे नाव फोडल्याबद्दल 30 महिन्यांची शिक्षा घेऊन तुरुंगात गेला. 2009 मध्ये आलेल्या बराक ओबामा यांनी मागे नव्हे, पुढे पाहायचे ठरवले. पुढे पाहणे सोपे असते, पाठीवर वळ नसतील तर.

तुमची पहिली सबब अशी की छळामुळे माहिती मिळाली, जीव वाचले. सिनेटच्या गुप्तचर समितीचा अहवाल जवळपास 6,700 पानांचा आहे. त्याचा सारांश 9 डिसेंबर 2014 रोजी प्रसिद्ध झाला. सीआयएच्या गुप्त कोठड्यांत 119 जण होते आणि त्यांतल्या किमान 26 जणांना चुकीने डांबले होते, हे त्यात आहे. छळ हा माहिती मिळवण्याचा परिणामकारक मार्ग नव्हता, हा निष्कर्षही त्यात आहे. 11 सप्टेंबरच्या कटाचा सूत्रधार म्हणवणारा खालिद शेख मोहम्मद मार्च 2003 मध्ये तुमच्या हाती लागला. त्या एका महिन्यात त्याच्यावर 183 वेळा पाण्याचा प्रयोग झाला. दोन दशके उलटली तरी त्याच्यावरचा मुख्य खटला उभा राहू शकलेला नाही, कारण छळाने नासलेला पुरावा न्यायालयात कसा मांडायचा, या प्रश्नातच तो रुतून बसला आहे.

याच्या शेजारी मुंबई ठेवा. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या, म्हणून तो जिवंत सापडला. आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात त्याला वकील मिळाला, साक्षी झाल्या, मे 2010 मध्ये निकाल लागला, ऑगस्ट 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. 166 माणसे गमावलेल्यांना चार वर्षांच्या आत अखेरचा निकाल ऐकायला मिळाला. न्यूयॉर्कमध्ये आपली माणसे गमावलेली कुटुंबे अजून ताटकळत आहेत. त्यांचा न्यायही तुमच्या सहीने हिरावून घेतला.

दुसरी सबब: आम्हाला ठाऊक नव्हते, आम्ही तसे सांगितले नव्हते. हे तुम्ही बोलू नये. जपानी सेनापती यामाशिता याला तुमच्याच लष्करी न्यायालयाच्या निकालावरून 1946 मध्ये फाशी दिली गेली. त्याने अत्याचाराचा हुकूम दिल्याचा पुरावा लागला नव्हता. आपल्या सैनिकांना रोखले नाही, एवढे पुरे झाले होते, आणि तुमच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले होते. पाण्याच्या छळाबद्दल म्हणाल, तर 1983 मध्ये टेक्सासमधल्या एका शेरीफला त्याच कृत्यासाठी तुमच्या न्याय खात्याने खटला भरून दहा वर्षांची शिक्षा मिळवून दिली. आणि 9 जानेवारी 2009 रोजी लायबेरियाच्या माजी राष्ट्राध्यक्षाच्या मुलाला मायामीत, अमेरिकेच्याच छळविरोधी कायद्याखाली, 97 वर्षांची शिक्षा सुनावली गेली. बुश अजून व्हाइट हाउसमध्ये होते, त्यांचे अकरा दिवस उरले होते. कायदा तुम्हाला पाठ होता. तो फक्त स्वतःला लावायचा नव्हता.

आता कान देऊन ऐका. छळामुळे मृत्यू ओढवला असेल तर त्या गुन्ह्याला तुमच्या स्वतःच्या कायद्यातही मुदत नाही. चिलीचा माजी हुकूमशहा ऑगुस्तो पिनोशे यानेही निर्धास्तपणे लंडनच्या रुग्णालयात उपचार घेतले होते. 16 ऑक्टोबर 1998 च्या रात्री स्पेनच्या न्यायाधीशाच्या वॉरंटवर त्याला तिथेच अटक झाली. माजी राष्ट्रप्रमुखाला छळाच्या गुन्ह्यात संरक्षण नाही, असे ब्रिटनच्या उमरावांच्या सभागृहाने सांगितले. तो 503 दिवस अडकून पडला. चाडचा हुकूमशहा हिसेन हाब्रे याला 1987 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी व्हाइट हाउसमध्ये सन्मानाने बोलावले होते. त्याच्या गुप्त पोलिसांनी जलतरण तलावावर काँक्रीटचे छत घालून तुरुंग केला होता. त्या राजवटीच्या तुरुंगांतून वाचलेल्या सुलेमान गेंगेंग यांनी शेकडो साथीदारांच्या जबान्या लिहून काढल्या आणि वर्षानुवर्षे लपवून ठेवल्या. 2001 मध्ये गुप्त पोलिसांच्या ओसाड कार्यालयात जमिनीवर विखुरलेल्या फायली सापडल्या. त्यात 1,208 मृतांची नावे होती. मे 2016 मध्ये डाकारच्या न्यायालयाने हाब्रेला जन्मठेप दिली. सत्ता सुटल्यावर पंचवीस वर्षांनी त्याला त्याच्याच कागदांनी गाठले.

तुमच्याभोवतीही वर्तुळ आवळते आहे. सीआयएने इटलीत केलेल्या एका अपहरणाबद्दल मिलानच्या न्यायालयाने 2009 मध्ये 23 अमेरिकनांना गैरहजेरीत दोषी ठरवले. बुश यांनी पाण्याच्या छळाला आपण मंजुरी दिल्याचे स्वतःच्या आठवणींत कबूल केले, आणि फेब्रुवारी 2011 मध्ये छळग्रस्तांची तक्रार दाखल होण्याच्या तोंडावर त्यांचा जिनिव्हाचा दौरा रद्द झाला. नोव्हेंबर 2024 मध्ये व्हर्जिनियातल्या ज्यूरीने अबू घरेबमध्ये काम केलेल्या खासगी कंपनीला तीन इराकींना 4 कोटी 20 लाख डॉलर द्यायला सांगितले. वीस वर्षे लागली, पण दार उघडले.

आज युद्धे चालवणाऱ्यांनीही हे वाचावे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च 2023 मध्ये पुतिन यांच्यावर आणि नोव्हेंबर 2024 मध्ये नेतन्याहू यांच्यावर अटक वॉरंट काढले. मंगोलियाने आणि हंगेरीने त्यांना पकडले नाही, हे खरे आहे आणि लाजिरवाणे आहे. पण वॉरंटला घाई नसते.

आणि आपल्या दिल्लीलाही हा इशारा आहे. भारताने छळविरोधी करारावर ऑक्टोबर 1997 मध्ये सही केली आणि तो अजून मंजूर केलेला नाही. छळ रोखणारे विधेयक 2010 मध्ये लोकसभेत संमत झाले आणि पुढे विरून गेले. आपल्या वर्तमानपत्रांत 'थर्ड डिग्री' हा शब्द असा येतो, जणू तो पोलीस तपासाचा एक नेमका टप्पाच आहे. स्वतःच्या कोठडीत अंधार ठेवून दुसऱ्याला उजेडाची मागणी करता येत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. सिनेटचा संपूर्ण अहवाल खुला करा. स्वतंत्र सरकारी वकील नेमा आणि चौकशी शिपायापासून नव्हे, सहीपासून सुरू करा. सही करणाऱ्यांच्या शपथेवर जाहीर साक्षी घ्या. निर्दोष सुटलेल्यांना आणि मृतांच्या कुटुंबांना भरपाई द्या, ती कराराप्रमाणे त्यांचा हक्क आहे. ग्वांतानामो बंद करा. भारत सरकारने करार मंजूर करून कायदा करावा. मुदत येत्या 10 डिसेंबरपर्यंत. तो मानवी हक्क दिन आहे. 1984 मध्ये त्याच तारखेला छळविरोधी करार संमत झाला, आणि 2002 मध्ये त्याच तारखेला बगरामचा टॅक्सीवाला मेला.

अन्यथा, आमच्या हातात बेड्या नाहीत हे आम्हाला माहीत आहे. आमच्या हातात कागद आहे. छळविरोधी करारात सामील झालेल्या प्रत्येक देशावर बंधन आहे की छळाचा आरोपी आपल्या भूमीवर सापडला तर त्याला पकडावे, एक तर खटला चालवावा नाही तर दुसऱ्याच्या हवाली करावे. तुम्ही जिथे जाल तिथल्या सरकारला, तिथल्या न्यायाधीशाला, तिथल्या वृत्तपत्रांना त्या बंधनाची आठवण नावानिशी आणि तारखेनिशी करून दिली जाईल. रम्सफेल्ड 2021 मध्ये गेले, बुश यांचे उपाध्यक्ष चेनी 2025 मध्ये गेले. मृत्यू हा निर्दोष सुटल्याचा निकाल नव्हे, आणि जे हयात आहेत त्यांनी त्याच्या आडोशाची वाट पाहू नये.

खोस्तमधल्या त्या घरात दाखल्याचा एक कागद घडी घालून ठेवलेला होता, आणि कित्येक दिवस तो कुणालाच वाचता आला नाही. आता तो जगाने वाचला आहे. तुमच्या सह्याही आम्ही वाचल्या आहेत. शेऱ्यासकट.