रिमोट म्हणजे मेन स्विच नव्हे



उन्हाळा तोंडावर आला की आपल्या रत्नागिरीत एसी सर्व्हिसिंगचे फोन सुरू होतात. वीस-बावीस वर्षांचा एखादा मुलगा येतो, खिडकीतून सज्ज्यावर उतरतो आणि आउटडोअर युनिटचं झाकण उघडतो. आपण आतून ओरडून सांगतो, "बंद केलाय हो एसी!" प्रत्यक्षात आपण फक्त रिमोटचं बटण दाबलेलं असतं.

माझं म्हणणं कडक वाटलं तरी चालेल. आउटडोअर युनिटजवळ हात पोचेल, डोळ्यांना दिसेल आणि बंद करून कुलूप घालता येईल असा स्विच ज्या घरात नाही, त्या घराने मेकॅनिकला सज्ज्यावर उतरवू नये.

रिमोट मशीनला फक्त "थांब" म्हणतो. वीज मशीनपर्यंत आलेलीच असते. भिंतीवरचा स्विच एकेरी असेल तर तो एकच तार तोडतो. वायरमनने फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले असतील, तर स्विच बंद असूनही २३० व्होल्ट आत हजर. म्हणून एसीला दोन्ही तारा एकदम तोडणारा डीपी स्विच हवा. अर्थिंगची तार मात्र कुठल्याच स्विचमधून न्यायची नाही. ती कायम जोडलेली राहिली पाहिजे.

"आमच्याकडे एमसीबी आहे," असं उत्तर मला नेहमी मिळतं. चांगलं आहे. पण जास्त करंट गेला की पडणं, हे एमसीबीचं काम. करंट गळला की पडणं, हे आरसीसीबीचं. आणि माणूस काम करत असताना वीज नक्की तोडलेली ठेवणं, हे आयसोलेटरचं. तिघांची कामं वेगळी आहेत. शिवाय एमसीबी असतो दाराजवळच्या पेटीत. बाहेर मुलगा सज्ज्यावर, आणि आत कोणी "अरे, हा कसा पडला?" म्हणून खटका वर करतं. म्हणून कुलूप हवं, आणि किल्ली मेकॅनिकच्या खिशात.

आता निवड. वायरमनला चार प्रश्न विचारा.

पहिला, वीज आधी कुठे जाते? आपल्याकडच्या बहुतेक घरगुती स्प्लिटमध्ये ती आधी आतल्या युनिटला येते आणि तिथून केबलने बाहेर जाते. इन्व्हर्टर असेल तर त्या केबलमध्ये फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगबरोबर सिग्नलची चौथी तार असते. तिथे नुसता डीपी लावला तर सिग्नलची तार जोडलेलीच राहते, आणि तिच्यातूनही झटका बसू शकतो. म्हणून तिथे तीन पोलचा आयसोलेटर बघावा. आधी कंपनीची पुस्तिका वाचावी, आणि एसी रिमोटने थांबवल्यावरच हा स्विच फिरवावा.

दुसरा, किती अँपिअरचा? दीड टनाला सहसा २० अँपिअरचा एमसीबी असतो. आयसोलेटर त्याहून कमी नको, २५ किंवा ३२ चा घ्यावा.

तिसरा, पेटी कसली? मिऱ्या-मांडवीचा खारा वारा लोखंडी स्क्रू खातो, आणि आपला पाऊस वरून कमी, आडवा जास्त. पेटी प्लास्टिकची, आयपी ६५ दर्जाची असावी. त्यातला ६ धुळीसाठी आणि ५ पाण्याच्या झोतासाठी. केबल खालून, ग्लँडमधून आत जावी. उघडं भोक ठेवलं की पाल, झुरळं, मुंग्या आत शिरतात आणि मरतात. एसीही जातो, तो हिशेब वेगळा.

चौथा, बसवणार कुठे? घरात किंवा गच्चीत पक्क्या जमिनीवर उभं राहून हात पोचला पाहिजे. त्यासाठी ग्रिलबाहेर वाकावं लागत असेल तर तो स्विच कामाचा नाही.

एवढं करूनही घाई नको. इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यावरही काही मिनिटं ताकद शिल्लक असते. पुस्तिकेत लिहिलेली मिनिटं थांबा, टेस्ट करू द्या, मग हात लावू द्या.

काही जणी म्हणतील, जैनाने एसी वापरणं हाच मुळात दोष, त्यात स्विचची चर्चा कसली? वापरत नसाल तर तुम्हाला नमस्कार. पण ज्यांच्या भिंतीवर तो लटकला आहे, त्यांना या युक्तिवादाआड लपता येणार नाही. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमाद आधी सांगितला आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार मोजले, त्यांत प्रमादचर्या आहे. आपण पाणी गाळतो, सूर्यास्ताआधी जेवतो, पालेभाजी पान-पान उलटून बघतो. आणि पंचेंद्रिय माणूस, कुणाचा तरी मुलगा, आपल्या सज्ज्यावर चालू तारेशी बसवतो. ही कुठली अहिंसा? क्षमावाणीला आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो. त्या मुलाच्या आईसमोर उभं राहून ती मागता येईल का?

"पेटी भिंतीवर वाईट दिसते," हे मी सुशिक्षित घरांत ऐकलं आहे. त्याच भिंतीवरून पांढरा ड्रेन पाइप लोंबत असतो, तो कुणाला खुपत नाही. आणि खर्च? मी कॉमर्सची, म्हणून सांगते. एसीच्या किमतीपुढे हा आकडा किरकोळ आहे. दिवाणखान्याच्या एका पडद्याला आपण याहून जास्त घालवतो.

"हे पुरुषांचं खातं," असं तर म्हणूच नका. मेकॅनिक येतो दुपारी, आणि दुपारी घरात आपणच असतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा वीज जात-येत असताना घरातले स्विच बंद करत कोण फिरलं होतं? आपणच.

तेव्हा या वर्षी सर्व्हिसिंगचा फोन लावायच्या आधी परवानाधारक वायरमनला फोन लावा. तोवर मेकॅनिकला सांगा, "भाऊ, थोडं थांब. स्विच बसला की तुला बोलावते." आपला उकाडा आठवडाभर सहन होईल.