थेट वायरचा मोह



आपल्या मंडळातल्या एका काकांकडे १९७३ सालची, दोन दारांची ब्रिटिश गाडी आहे. कायमचे मायदेशी परतणाऱ्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी ती हौसेने घेतली. गणपतीच्या दिवसांत सामान आणताना ती सर्वांनी पाहिली आहे, काहींनी ढकललीही आहे. मध्यंतरी काका खिन्न होऊन म्हणाले, "आता विकून टाकतो." कारण काय, तर ओव्हरड्राइव्ह कधी लागतो, कधी आपोआप सुटतो. आम्ही रसायनशास्त्रवाले, गाडीवाले नव्हे. पण जो दोष बोलावल्यावर येत नाही आणि नको तेव्हा येतो, त्याच्याशी प्रयोगशाळेत आमची नेहमीची गाठ. म्हणून आम्ही तिघे स्वयंसेवक तीन शनिवार त्या गाडीखाली लोळलो. त्यातून आमचे जे मत झाले, ते सर्वांच्या उपयोगाचे आहे असे वाटते.

आधी ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय ते सांगू. मुंबईची प्रीमियर पद्मिनी आठवा. तिला चारच गिअर. वेग वाढला की इंजिन ओरडायचे. ब्रिटनमध्ये यावर उपाय निघाला तो गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक छोटी पेटी बसवण्याचा. शेफील्डच्या लेकॉक कंपनीची ही पेटी १९४८च्या स्टँडर्ड व्हॅनगार्डपासून गाड्यांत येऊ लागली. पुढे एमजी, ट्रायम्फ, व्होल्वो अशा अनेक गाड्यांना ती मिळाली. काकांच्या गाडीत ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे ३,५०० फेरे घेते. ओव्हरड्राइव्ह लागला की तेच २,८५०च्या आसपास येतात. आवाज कमी, पेट्रोल कमी.

याची वीज अशी जाते. बॅटरीतून डॅशबोर्डवरच्या स्विचला, तिथून गिअरबॉक्सवरच्या इन्हिबिटर स्विचला, तिथून सोलेनॉइडला. सोलेनॉइड ऑइलची झडप उघडतो आणि बाकीचे काम ऑइलचा दाब करतो. यातला इन्हिबिटर स्विच म्हणजे घरातली शिस्तीची आजी. गाडी तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये असेल तरच ती वीज पुढे सोडते. रिव्हर्समध्ये मुळीच नाही. कारण ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी मागे घेतली, तर आतला एकाच दिशेला फिरणारा क्लच फुटू शकतो.

आता काकांना मिळालेले सल्ले ऐका. पहिला म्हणाला, सोलेनॉइड बदला. दुसरा म्हणाला, पूर्ण युनिट उतरवा, दीड हजार दिरहॅम तयार ठेवा. सनाइयातल्या तिसऱ्याने सर्वांत स्वस्त उपाय सांगितला. मधला स्विच काढून थेट वायर जोडू, पन्नास दिरहॅम. काका या तिसऱ्यावर भाळले होते! थेट वायर जोडली असती तर ओव्हरड्राइव्ह नक्की लागला असता. आणि डॅशबोर्डवरचा स्विच बंद करायला विसरून काकांनी एकदा जरी पार्किंगमध्ये गाडी मागे घेतली असती, तर पन्नास दिरहॅमच्या वायरने अख्खे युनिट गिळले असते.

आम्ही प्रथम गिअरबॉक्सचे ऑइल पाहिले. फुकटची तपासणी आधी करावी. ते ठीक होते. मग काकांना वही दिली. दोष आला की वेळ, हवा, गिअर, आणि पाय कुठे होता ते लिहायचे. खरे सांगतो, आमचाही संशय सोलेनॉइडवरच होता. तांबे एका अंशाने तापले की त्याचा विद्युतरोध सुमारे ०.४ टक्के वाढतो. ६० अंशांनी तापले तर जवळजवळ पाव पट. इथल्या उन्हाळ्यात गुंडाळीचा जोर कमी पडणे अगदी शक्य. पण वहीने आम्हाला खोटे पाडले. नऊ नोंदींपैकी चार पहाटेच्या गारव्यातल्या होत्या. उलट सात नोंदींत एकच वाक्य होते, "ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर."

मग सोलेनॉइडच्या वायरला एक छोटा दिवा जोडून तो काकांसमोर आणून ठेवला आणि सकाळी उम्म अल कुवैनच्या दिशेने निघालो. ओव्हरड्राइव्ह सुटला त्याच क्षणी दिवा विझला. म्हणजे वीजच पोहोचत नव्हती. ऑइल, क्लच, सोलेनॉइड सगळे निर्दोष. पुढच्या फेरीत दिवा डॅशबोर्डच्या स्विचनंतर जोडला. ओव्हरड्राइव्ह सुटला, दिवा मात्र जळत राहिला. दोष या दोन जागांच्या मध्ये, इन्हिबिटर स्विचपाशी.

तिथे एक टर्मिनल सापडले. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते ना, तसा हिरवट थर त्यावर होता. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेची ही कृपा. शिवाय वायर इतकी तोकडी की इंजिन जोर लावताना जरा कलले की ती ताणली जायची. गंमत म्हणजे एका गॅरेजने हीच वायर तपासून "१२ व्होल्ट येतात, ठीक आहे" असे सांगितले होते. पण त्यांनी वायर सोडवून मोजले होते. मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे खराब जोडही पूर्ण व्होल्ट दाखवतो. सोलेनॉइड जोडलेला ठेवून, वायर हलवत मोजल्यावर आकडा ७ पर्यंत घसरला. टर्मिनल नवे घातले, वायर वीतभर लांब केली. खर्च चहाएवढा.

आता आमचे मत. सगळा दोष मेकॅनिकवर टाकणे बरोबर नाही. आपण पार्टचे पैसे मुकाट्याने देतो, पण शोधण्यात गेलेल्या दोन तासांचे द्यायला कुरकुरतो. "नुसते पाहिलेच ना?" असे म्हणतो. मग तो बिचारा शोधेल कशाला? पार्ट बदलेल, नाहीतर थेट वायर जोडेल. गाडी असो, एसी असो की वॉशिंग मशीन, तीन गोष्टी कराव्यात. दोष केव्हा येतो ते लिहून ठेवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने बरे झाले ते कळत नाही. आणि दोष दाखवणाऱ्याला त्याची मजुरी आनंदाने द्यावी. संरक्षणासाठी बसवलेला स्विच "अडथळा" म्हणून कुणी काढू लागला, तर मात्र स्पष्ट नाही म्हणावे.

काकांनी गाडी विकायचा बेत रद्द केला आहे. तो दिवा आणि मीटर आता मंडळाच्या कपाटात आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी न्यावा, पण मुलांना बरोबर घेऊन वापरावा. वही ज्याने त्याने आपापली आणावी.

चूकभूल द्यावी घ्यावी.