दगड, कागद, कात्री

दिवाळीत आमची तिन्ही नातवंडे घरी जमतात, आणि पहिली आंघोळ कोणाची यावर पहाटेच तंटा उभा राहतो. यंदा त्यांनी तो 'दगड-कागद-कात्री'वर सोडवायचे ठरवले. अंगे तेलाने चिप्प, आणि हात पुढेमागे चाललेले! धाकटी नात मला म्हणाली, "आजोबा, या तिघांत खरा बलवान कोण हो?"

"कोणीच नाही," असे मी म्हणालो खरा. पण वाचकहो, शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला होता, आणि त्याचे उत्तर मोठे मौजेचे आहे.

जीवांच्या स्पर्धेचे गणित तसे जुने. १९२५ मध्ये लॉटका यांनी आणि १९२६ मध्ये व्होल्टेरा यांनी त्याची समीकरणे मांडली. मॉस्कोच्या गॉझ यांनी पॅरामेशियम या सूक्ष्म जीवाच्या दोन जाती एकत्र वाढवून पाहिल्या. १९३४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी निकाल दिला. एक जात तगली, दुसरी नाहीशी झाली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तशातला प्रकार!

मग रानात शेकडो जाती शेजारीशेजारी कशा नांदतात? त्या गणितात एक गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे जागा. समीकरणात प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी पडते. जगात ती पडते शेजाऱ्याशी.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या चौघा शास्त्रज्ञांनी 'नेचर' नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ई. कोलाय जंतूचे तीन वाण घेतले. पहिला विष सोडतो. दुसरा त्या विषाने मरतो, पण वाढतो सर्वांत झपाट्याने. तिसऱ्याला विष बाधत नाही. वाढीत तो पहिल्याच्या पुढे, दुसऱ्याच्या मागे. म्हणजे दगड-कागद-कात्रीच की!

संगणकावर त्यांनी चौकटींचा पट मांडला. झुंज फक्त शेजारच्या घरांशी ठेवली, तर तिघेही टिकले. साऱ्या पटाशी ठेवली, तर एकटा तिसरा उरला. मग खरे जंतू घेतले. चंबूत घालून ढवळत ठेवले, तेव्हा दुसरा विषाने गेला आणि पहिला तिसऱ्यापुढे हरला. बशीतल्या घट्ट थरावर जिथल्या तिथे वाढू दिले, तेव्हा वस्त्यांच्या सीमा सरकत राहिल्या, पण संपला कोणीच नाही.

मला धास्ती वाटते ती इथे. आपण पृथ्वीचाच चंबू ढवळत आहोत. घाणेरी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. मध्ये समुद्र होता. माणसाने बागेच्या शोभेसाठी ती इकडे आणली, आणि आज सह्याद्रीच्या उतारांवर ती इथल्या झुडपांची जागा अडवून बसली आहे. तीन जंतूंचा हिशेब तिला तंतोतंत लागू नाही. पण अंतर हे दुबळ्याचे कुंपण असते, एवढे मात्र त्यातून कळते.

नातीला मी सांगितले, "बाळ, बलवान कोण, ते मैदानावर ठरते."

"म्हणजे ज्याला त्याला आपापला कोपरा हवा!" ती म्हणाली.

तेवढ्यात आतून आजीची हाक आली, "पाणी निवतंय रे!" खेळ अर्धा टाकून तिघेही एकदम न्हाणीघरात घुसली. जिंकले कोण ते कळले नाही. वाटीतले उटणे मात्र पार संपले होते.