यंत्र आगारात, गाडी मुक्कामाला

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून गोळप, पावस करीत पूर्णगडला यायचं म्हणजे सुमारे २५ किलोमीटरचा प्रवास. रस्ता चढउताराचा आणि वळणांचा. पुढे मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की गावखडी. शाळा-कॉलेजची पोरं, मासळीची पाटी घेऊन निघालेली बाई, जिल्हा रुग्णालय गाठणारा म्हातारा, या पट्ट्यात सगळ्यांचा भरवसा एस.टी.वर. गाडीत चढताना चालक शुद्धीवर आहे की नाही, हे कोणी तपासत नाही. ते काम महामंडळाने केलेलंच असेल, असं आपण धरून चालतो.

हे धरून चालणं कितपत बरोबर आहे? आगारातून ड्युटीवर निघणाऱ्या चालकाची फुंकायच्या यंत्रावर, म्हणजे ब्रेथ अ‍ॅनालायझरवर, तपासणी करण्याची पद्धत महामंडळात आहे. पद्धत चांगली. पण कोकणातल्या टोकाच्या गावांना सकाळची पहिली गाडी मिळते ती बहुधा रात्री वस्तीला आलेली. तिचा चालक आदल्या दिवशी आगारातून निघालेला असतो. मधे एक अख्खी रात्र जाते. पहाटे तो स्टिअरिंगवर बसतो तेव्हा यंत्र आगारात असतं आणि गाडी गावात.

यात चालकांवर शंका घेण्याचा हेतू नाही. बहुतेक चालक इमानाने नोकरी करतात, म्हणूनच आपण सुखरूप घरी येतो. मात्र दारूचा हिशेब माणसाच्या इमानावर चालत नाही, तो यकृतावर चालतो. रक्तातली दारू साधारण ताशी १५ मिलिग्रॅम (दर १०० मिलिलिटरमागे) या गतीने उतरते. रात्री ११ वाजता १२० मिलिग्रॅम असेल तर पहाटे ५ वाजता ३० उरते. थंड पाण्याची आंघोळ, कडक चहा, लिंबू यांनी ही गती वाढत नाही. झोप झाली, डोकं हलकं वाटलं, म्हणजे उतरली असं नव्हे. शिमग्याच्या दिवसांत गावचीच मंडळी पाहुणचार म्हणून ग्लास पुढे करतात, त्यांनीही हा हिशेब ध्यानात ठेवावा.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं १८५ कलम ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा धरतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. ही रेघ सर्वच वाहनचालकांसाठी आहे. पण चाळीस-पन्नास जीव हाती असलेल्याला २९ पर्यंत मोकळीक, असा अर्थ मालकाने काढायचा नसतो. वैमानिकाला उड्डाणापूर्वी शून्याची अट आहे. रेल्वेचा लोको पायलट कामावर हजर होताना यंत्रात फुंकतो. मग एस.टी.च्या पहाटेच्या प्रवाशाचा जीव स्वस्त आहे काय?

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. तपासणी म्हणजे चालकाला अडकवण्याचा सापळा होता कामा नये. जुलै २०२५ मध्ये केरळात पंदळम आगारात राज्य परिवहनच्या चालकांची यंत्रावर दारू दिसली. चालकांनी शपथेवर सांगितलं, प्यायलो नाही. शोध घेता कारण निघालं पिकलेला फणस! न खाल्लेल्या माणसाची तपासणी आधी कोरी आली आणि फणस खाल्ल्यावर तीच यंत्रावर दिसली. आमच्या रत्नागिरीत तर फणस घरोघरी. खोकल्याच्या काही औषधांनी आणि गुळण्यांच्या पाण्यानेही तोंडात तात्पुरती दारू राहते. यावर उपाय सोपा आहे. तोंड धुवायला लावावं, १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासावं, तरी आकडा आला तर रक्त तपासावं. नुसता वास आणि झोकांड्या यांवर गुन्हा शाबीत होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटलेलं आहे. गांजा किंवा गुंगीच्या गोळ्या या यंत्रात दिसतच नाहीत, तेही विसरू नये.

तिसरी गोष्ट विश्रांतीची. वस्तीच्या गाडीचे चालक-वाहक रात्री कुठे झोपतात, हे गावाला ठाऊक असतं. कधी गाडीतल्याच बाकड्यावर, कधी देवळात. रात्रीच्या मुक्कामाच्या ठिकाणी मालकाने विश्रांतीची खोली किंवा दुसरी योग्य सोय करावी, असं १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेच लिहिलं होतं. डासांत रात्र काढलेला माणूस थेंबभरही न पिता डुलक्या घेतो. त्याला कोणतं यंत्र पकडणार?

आणि आता भाड्याच्या गाड्या आल्या. गाडीवर नाव महामंडळाचं, चालक ठेकेदाराचा. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टची भाड्याची बस गर्दीत घुसली, तेव्हा मुख्य चर्चा चालकाच्या प्रशिक्षणाची झाली. पण चालकाला जबाबदार कोण, हा प्रश्न दारूच्या तपासणीलाही तसाच लागू आहे. प्रवासी तिकीट एस.टी.चं काढतो, तेव्हा जबाबदारीही तिचीच.

अमेरिकेला हे धडा मिळाल्यावर कळलं. ऑगस्ट १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा मोटरमन दारू पिऊन गाडी चालवत होता. गाडी घसरली, ५ प्रवासी दगावले. दोन महिन्यांत तिथे कायदा झाला. सार्वजनिक वाहतूक चालवणाऱ्या संस्थांना दारूबरोबर अमली पदार्थांचीही तपासणी सक्तीची झाली. नोकरीत घेताना, गंभीर अपघातानंतर आणि कधीही चिठ्ठी निघेल तेव्हा. दोषी आढळलेल्याला आधी गाडीवरून उतरवतात आणि तज्ज्ञाकडे पाठवतात. नोकरीवर ठेवायचं की नाही हे मालक ठरवतो. परत गाडीवर घेतलं तर पहिल्या १२ महिन्यांत किमान ६ वेळा अचानक तपासतात. नुसतं निलंबन करून व्यसन सुटत नाही, हे त्यामागचं शहाणपण.

आपल्याकडे एवढा पसारा नको. वाहकाच्या पेटीत मावेल असं एक यंत्र वस्तीच्या प्रत्येक गाडीला द्यावं. पहाटे गाडी सुरू करण्यापूर्वी आकडा वेळेसह नोंदला जावा आणि तो आगाराला कळावा. शंका आली तर बदली चालकाची सोय आधीच ठरलेली असावी, नाहीतर फेरी रद्द होण्याच्या भीतीने सगळेच डोळेझाक करतील. ग्रामपंचायतीने झोपण्यापुरती एक खोली, दिवा आणि पाणी द्यावं. एवढं झालं तर पहाटेच्या गाडीत बसणाऱ्याचा भरवसा खरा ठरेल.